निळ्या पुस्तकाची गावपळण

खारवणे, पोस्ट आचरा, तालुका मालवण
२२ सप्टेंबर १९५७

चि. काशीराम यास,

ताईचा आशीर्वाद. तो आधीच देऊन टाकते, कारण पुढच्या मजकुरात रागच जास्त आहे.

गणपतीत तुम्ही मुंबईकर आलात, ग्रामस्थ मंडळाच्या वतीने शाळेला पुस्तकांचं कपाट दिलंत, हार घातलेत, फोटो काढलात आणि बोटीत बसून परत गेलात. तुमचं काम संपलं. आमचं तिथून सुरू झालं.

कपाट उघडं होतं तोवर पोरांची चंगळ होती. तुझी भाची सीता चुलीपाशी पुस्तक घेऊन बसायची आणि पेज उतू जायची. मी ओरडायचे, पण मनातून बरं वाटायचं. एक दिवस आमच्या सत्यवान भावजींनी तिच्या हातात ते निळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक पाहिलं. मधलंच एक पान उघडलं. त्या पानावर चंपा नावाची मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे घर सोडून निघते. भावजींनी तेवढंच वाचलं, पुस्तक मिटलं आणि संध्याकाळी कपाटाला कुलूप. शाळा कमिटीचे ते अध्यक्ष, त्यामुळे चावी त्यांच्या जानव्याला नसली तरी कडदोऱ्याला आहे.

मग शाळेत पालकांची सभा भरवली. कोणती पुस्तकं ठेवायची आणि कोणती नाही, यावर गाव बसला. लवू तांडेल म्हणाला, गलबत बुडतं ती गोष्ट आधी काढा, "माझे झील होडयेत पाय ठेवचे नाय." मुलगे समुद्राला घाबरतील म्हणे. एकाला भुताची गोष्ट नको, कारण पोरगा परसात जायला घाबरतो. एकाला आरोग्याचं पुस्तक नको, कारण त्यात तंबाखूला नावं ठेवलीत आणि पोरगी बापाला ते वाचून दाखवते. असं एकेकाने एकेक काढलं असतं तर कपाटात उजळणी तेवढी उरली असती. निळ्या पुस्तकाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. केळुसकर मास्तर खाली मान घालून टाक चावत होते.

मी दाराबाहेर बायकांत उभी होते. तिथूनच विचारलं, "ता पुस्तक शेवटपर्यंत कोणी वाचल्यान हा?"

 भावजी एकदम सभेच्या मराठीत गेले. म्हणाले, "ही सभा पालकांची आहे. सीतेचा पालक म्हणून शाळेत माझं नाव आहे. वहिनींनी घरी जावं."

खरं आहे ते. सीतेचे बाबा गेले तेव्हा मी कोपऱ्यातून उठत नव्हते, आणि भावजींनीच तिला खांद्यावर घेऊन, भरलेला वहाळ ओलांडून शाळेत नाव घातलं. ते उपकार मी विसरले नाही. पण नऊ महिने पोटात वागवलं ती मी, आणि पालक ते? हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

तू मंडळाचा सेक्रेटरी. कपाट तुमचं दान. एकही पुस्तक हलवायचं नाही, असं कमिटीला खरमरीत लिही.

तुझी ताई,
मथुरा

---

लालबाग, मुंबई
३ ऑक्टोबर १९५७

ती. ताईस,

काशीरामचा नमस्कार. तुझं पत्र खोलीत सगळ्यांसमोर उघडायचं धाडस झालं नाही. जिन्यात बसून वाचलं.

ताई, तू रागावू नकोस. प्रत्येक पुस्तक मी स्वतः पारखून घेतलं होतं, त्यात वाईट हेतू नव्हता. पण गाव म्हणजे गाव. पुढच्या वर्षी देवळाच्या मंडपाला मंडळ पत्रे देणार आहे, आणि सत्यवानदादा देवाचे मानकरी. त्यांच्याशी वाकडं घेऊन आम्हाला गावात पाऊल टाकता येईल का? आणि आमचं सोड, तुझं बघ. तू आणि सीता त्याच घरात जेवता. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे आपल्याला आईनं शिकवलं होतं.

एक पुस्तक गेलं म्हणून आभाळ कोसळत नाही. शिवाय लोक म्हणतात त्यातही काहीतरी असेलच. ती चंपा नेमकी कोणाबरोबर पळून जाते? असल्या गोष्टी मोठ्यांनी वाचाव्यात, सहावीतल्या पोरींनी कशाला?

सीतेला फ्रॉकचं कापड पाठवतो आहे. निळंच मिळालं, त्याबद्दल टोमणा मारू नकोस.

तुझा,
काशीराम

---

खारवणे
१७ ऑक्टोबर १९५७

काशीराम,

प्रत्येक पुस्तक पारखून घेतलंस, आणि चंपा कोणाबरोबर पळते ते मला विचारतोस! शाबास. मासळी घेताना कल्ले उघडून बघणारा तू, पुस्तकाचा पुठ्ठा उघडून बघितला नाहीस.

आता ऐक. चंपा कोणाबरोबर पळत नाही. एकटी चालत तालुक्याला जाते, कारण लग्नाच्याच दिवशी तिची सातवीची परीक्षा असते. बाप म्हणतो परीक्षा राहू दे, ती म्हणते लग्न राहू दे. एवढाच तिचा गुन्हा. पुढे ती बोर्डिंगच्या दारात जाऊन उभी राहते आणि बाप तिला शोधायला निघतो, इथपर्यंत सीतेचं वाचून झालं होतं. तेवढ्यात कुलूप पडलं. शेवट काय होतो ते मलाही ठाऊक नाही. गावात कुणालाच ठाऊक नाही, आणि तरी सगळ्यांना पुस्तक वाईट आहे हे ठाऊक आहे.

परवा दुसरी सभा झाली. निळं पुस्तक काढायचं तर बाकीच्यांवर तरी भरवसा काय, असं म्हणून सगळं कपाटच मंडळाला परत करायचं ठरलं. ठराव केला की "सदर पुस्तके गावात कोणीही वाचू नयेत." मी दारातून म्हटलं, माझा भाऊ सेक्रेटरी आहे, मंडळ हे चालवून घेणार नाही. तर भावजी हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "काशीरामान कधीच कळवल्यान हा. मंडळाची हरकत नाय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली रे. वरच्या वाडीतून लग्न होऊन खालच्या वाडीत आले त्या दिवशी तू माझ्या पाठीमागून वहाळापर्यंत रडत आला होतास. तोच का हा काशीराम?

आणि आता खरी गोष्ट. भावजींनी मला घरात बसवून सांगितलं, की वयनी, तुमी आणखी बोललात तर पुढच्या वर्षी सीतेचा नाव शाळेतसून काढतलंय, पालक मी आसंय. पुढच्या वर्षी तिची फायनल आहे. माझी पोरगी परीक्षेला बसणार की नाही हे आता एका सहीवर आलंय, आणि ती सही माझी नाही.

मला फक्त एवढं कळव: तू लिहिलं होतंस की नाही?

मथुरा

---

लालबाग
२८ ऑक्टोबर १९५७

ती. ताई,

लिहिलं होतं. तुझं पहिलं पत्र यायच्या आधीच सत्यवानदादांचं आलं होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले गावाची इच्छा ती आपली, आणि मी लिहून टाकलं. तुला सांगायला धीर झाला नाही.

पण ताई, शांतपणे विचार कर. पुस्तकं गेली तर सीतेचं नाव राहतं. हा सौदा वाईट नाही. पुस्तकं काय, मी तिला इथून गुपचूप पाठवीन, एकेक करून. तू गप्प राहा. पुस्तकांची पोती मालवण बंदरातून बोटीवर चढली की मी धक्क्यावर उतरवून घेईन, म्हणजे विषयच मिटला.

तुझ्या भल्यासाठीच सांगतो.

काशीराम

---

खारवणे
२० नोव्हेंबर १९५७

काशीराम,

ज्या सौद्यात मला विचारलं नाही, तो माझा नाही. गुपचूप तर मुळीच नको. सीतेने चोरी केलेली नाही, मग चोरासारखं वाचायचं कशाला? तुझं कापड मात्र ठेवून घेतलं, त्याचा काही दोष नाही.

पुस्तकं दोन पोत्यांत भरली. काल गाडी मालवणला निघायची होती. पण देवाचा कौल झाला, या वर्षी गावपळण, पंधरा दिवसांत! गिरणीच्या भोंग्यात तुला विसर पडला असेल, म्हणून सांगते: तोफ झाली की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळ्यांनी वेशीबाहेर जाऊन झावळांच्या खोपीत राहायचं, तीन दिवस तीन रात्री. गावात चूल पेटायची नाही आणि माणूस राहायचा नाही. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला तर परत यायचं, नाहीतर आणखी राहायचं.

सगळ्या गाड्या भांडीकुंडी न्यायला लागणार, तेव्हा मालवणची फेरी राहिली. आणि तुमच्या मंडळाचा माल ओस गावात उंदरांच्या तोंडी ठेवायला भावजी तयार नाहीत. माणूस हट्टी, पण जबाबदारीचा. पोती आपल्याच गाडीतून वेशीबाहेर नेणार आहेत. माझी खोप उंचवट्यावर, कोरडी असणार, म्हणून ती माझ्याकडे राहतील.

तू धक्क्यावर जाऊ नकोस.

मथुरा

---

लालबाग
२९ नोव्हेंबर १९५७

ती. ताई,

हे कार्ड मिळेपर्यंत तुम्ही वेशीबाहेर असाल. कृपा करून काही भलतंसलतं करू नकोस. सत्यवानदादांचा राग तुला ठाऊक आहे, आणि सीतेचं वर्ष पणाला लागलंय.

तुझं ते वाक्य मला झोंबलं, पुठ्ठा उघडून न बघण्याचं. रद्दीवाल्याकडे तेच पुस्तक मिळालं, घेऊन आलो. चंपा बोर्डिंगच्या दारात उभी आहे. आत घेतात का गं? आता रात्रपाळीला जायचं आहे, जीव टांगणीला लागलाय.

काशीराम

---

खारवणे
१४ डिसेंबर १९५७

चि. काशीराम यास,

आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून. शेवट मी सांगणार नाही. तुझा तूच वाच.

तोफ झाली आणि आम्ही निघालो. माळावर खोपी उभ्या राहिल्या. तांडेलाची खोप आम्हा परबांच्या शेजारी, केळुसकर मास्तरांची लोहाराच्या शेजारी. तिथे कुणाचं अंगण नाही, कुणाची ओटी नाही, मानाची जागा म्हणून काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बायका झावळं विणत बसल्या होत्या. मी पोत्याचं तोंड सोडलं, निळं पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. अगदी पहिल्या पानापासून.

भावजी धावत आले. "वयनी! ठराव इसारलात?"

म्हटलं, "ठरावात काय लिवला हा? गावात कोणी वाचूचा नाय. आता आमी गावात आसंव काय?"

ते उभेच राहिले. वेशीच्या दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गाव सोडल्यावर गावचा ठराव चालवायचा, तर मग गाव सोडला असं देवाला तरी कुठल्या तोंडाने सांगायचं? मानकरी माणूस, त्यांना ते लगेच कळलं. पाठ फिरवून बसले, पण दूर गेले नाहीत. गाडीचं जू बांधायच्या दोऱ्या वळत बसले आणि दोन दिवस त्याच दोऱ्या वळत होते.

काशीराम, काय सांगू तुला. पहिल्या दुपारी बायका, दुसऱ्या दुपारी पुरुषही. माझा घसा बसला की सीता वाचायची. आमची जाऊ राधाबाई, भावजींची बायको, जिला मी कधी मान वर करून बोलताना पाहिलं नाही, ती मी पाणी प्यायला थांबले तर म्हणायची, "वाच गो! मगे काय झाला?" लग्न मोडलं तेव्हा दोघी-तिघींनी चंपेला शिव्याही दिल्या. एक म्हातारी म्हणाली, बापाची अब्रू घालवलीन. दुसरी म्हणाली, बापाने तरी तिला विचारलं होतं काय? भांडण जुंपलं आणि वाचन थांबलं. मला वाटलं, हीच तर सभा. ती शाळेत व्हायला हवी होती, तर माळावर झाली.

बाप तिला शोधत निघतो ते प्रकरण आलं आणि दोऱ्या वळायच्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी उजेड गेला म्हणून मी पुस्तक मिटलं, तेव्हा पाठमोऱ्या भावजींचा आवाज आला, "बापाशीचा काय झाला?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाने माझ्या पोरीला वहाळातून नेलं होतं, त्याला बापाचीच काळजी वाटणार.

चौथ्या दिवशी कौल लावला. देवाने डावा दिला, म्हणजे परतायचं नाही. आणखी एक दिवस! लवू तांडेल ओरडला, "अरे, देवाकपण फुडला आयकुचा आसा!" सगळा माळ हसला. मानकरीही हसले. त्या दिवशी पुस्तक संपलं.

 मग भावजी उठले आणि म्हणाले, "बरा. देवानच कौल दिल्यान हा. पुस्तकां रवांदेत."

सगळे "होय होय" करायला लागले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. म्हटलं, "नाय भावजी. कौल गावात परतायचा मागितला होता, पुस्तकांचा नाही. आज देवाच्या नावावर ठेवाल, उद्या देवाच्याच नावावर काढाल. पोरं तुमची-आमची आहेत, बोलायचं तर तुम्ही-आम्ही बोलूया. सभा इथंच घ्या. इथे उंबरठा नाही, बायकांना त्याच्याबाहेर उभं करता येणार नाही."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? सीता माझ्या पदराला धरून उभी होती आणि तिचं वर्ष भावजींच्या एका शब्दावर होतं. पण बोलायचं ते बोलून गेले.

सभा झाली. लवूचा गलबताच्या गोष्टीवरचा राग अजून गेलेला नाही. त्याला मी म्हटलं, तुझ्या मुलांना नको म्हण, तो तुझा हक्क आहे. दुसऱ्याच्या पोराच्या हातातलं पुस्तक काढू नको, तो तुझा नाही. तो पुटपुटला, पण बसला. पुस्तकं ठेवायची म्हणून हात वर झाले तेव्हा पुरुषांचे थोडे आणि बायकांचे पुष्कळ. राधाबाईचा हात भावजींच्या डोक्याच्या मागून वर आला, त्यांना तो दिसला नाही. भावजी म्हणाले, "माझो हात वर नाय. माका ता चेडू, ता चंपा, पटाक नाय. पण सभेचा मानतलंय." खोटं मत देण्यापेक्षा हे मला आवडलं.

मग मी केळुसकर मास्तरांकडे वळले. सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, पालक म्हणून आईचं नाव लागत नाही काय?"

ते म्हणाले, "लागतं की. आईने मागितलं तर लागतं."

"मग आजवर का नाही सांगितलंत?"

"आजवर कुणी मागितलं नाही."

एवढंच होतं रे ते! पाच वर्षं मी ज्याच्या धाकात होते ते एवढंच. हसू की रडू कळेना.

दुसऱ्या दिवशी कौल झाला, ढोल वाजला. सगळ्या बायका चुली पेटवायला घराकडे पळाल्या. मी शाळेकडे गेले, डोक्यावर अजून तांदळाचं गाठोडं. मास्तरांनी नावनोंदणीचं पुस्तक उघडलं. मागे वळून बघते तर दारात भावजी. वाटलं, झालं, आता मोडता घालणार.

ते म्हणाले, "माझा नाव खोडू नुकात, वयनी. तुमचा वर लिवा, माझा खाली रवांदे."

काशीराम, मला ते मोडवेना, पण मी मोडलं. म्हटलं, "भावजी, काका म्हणून तुमचं नाव तिच्या हाडामासात आहे, ते कोण खोडणार? पण या जागेवर एकच नाव लागतं, आणि ते आता माझं."

 मग भावजींनी कडदोऱ्याची चावी सोडली, मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि गाडी आणायला गेले. पोती परत कपाटात त्यांनीच वाहून आणली.

आता तुझ्या मंडळाला सांग: पुस्तकं परत येणार नाहीत. देवळाचे पत्रे द्यायचे तर द्या, न द्यायचे तर देव भिजायला घाबरत नाही. आणि निळ्या पुस्तकाची पानं सुटी झाली आहेत, माळावर खूप हातांतून फिरलं. तुझं वाचून झालं की तुझी प्रत पाठवून दे. राधाबाईला ते पुन्हा पहिल्यापासून ऐकायचंय, आणि भावजी म्हणतात पडवीत वाचा, आत ऐकू येतं.

कुणी तुला विचारलं की हे सगळं कुणाच्या अधिकाराने झालं, तर खालची सही दाखव.

मथुरा जयराम परब
पालक, कु. सीता जयराम परब, इयत्ता सहावी